जगज्जेत्याला हवा तेवढा वेळ दिला, तर तो आजच्या बुद्धिबळ इंजिनाशी बरोबरी करू शकेल का?

प्रश्न : अडीच घरे

मी अनेक वर्षे जिल्हा पातळीवर बुद्धिबळ खेळत आलो आहे आणि आता आमच्या क्लबातील शाळकरी मुलांना शिकवतो. ही मुले एखाद्या मोठ्या स्पर्धेचे थेट प्रक्षेपण पाहतात तेव्हा त्यांची नजर पटाआधी शेजारच्या मूल्यमापनाच्या पट्टीवर, म्हणजे इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम) कोणाची बाजू किती वरचढ मानते हे दाखवणाऱ्या पट्टीवर, जाते, आणि ती पट्टी एका बाजूला झुकली की जगज्जेत्यालाही एवढे साधे दिसले नाही, असा निर्वाळा ती देऊन टाकतात. याउलट आमच्या क्लबातील एका ज्येष्ठ खेळाडूंचे ठाम मत आहे की, १९९७ साली तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह यंत्राकडून हरला तो मन विचलित झाल्यामुळे, आणि बुद्धिबळाच्या समजेत यंत्र माणसापुढे गेल्याचे त्या निकालातून सिद्ध होत नाही. घड्याळाचा जाच काढून टाकला, थकवा येणार नाही अशी व्यवस्था केली आणि यंत्राच्या खेळाचा आधी अभ्यास करू दिला, तर मॅग्नस कार्लसनसारखा खेळाडू जिंकला नाही तरी डावामागून डाव बरोबरीत सोडवत राहील, असे ते म्हणतात.

मला या वादात कोणाची बाजू घ्यायची नाही. मुलांना खरे काय ते सांगता यावे, एवढीच इच्छा आहे. १९९७ ची लढत निर्णायक मानावी का, ती तशी नसेल तर माणूस नेमका केव्हा मागे पडला, आणि चांगल्या खेळाडूला इंजिनापेक्षा जास्त दिसते अशा काही जागा पटावर अजून शिल्लक आहेत का, हे जाणकारांनी प्रत्यक्ष डावांच्या आधारे सांगावे, ही विनंती.

उत्तर : जुने डाव

आपल्या ज्येष्ठ स्नेह्यांच्या म्हणण्यातला १९९७ विषयीचा भाग मला बराचसा पटतो. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र पटत नाही.

त्या लढतीआधी वर्षभर काय घडले होते, हे प्रथम लक्षात घ्यावे लागेल. फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फिया येथे आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने कास्पारोव्हविरुद्धचा पहिलाच डाव जिंकला, आणि पूर्ण वेळेच्या डावात विद्यमान जगज्जेता यंत्राकडून हरण्याची ती पहिली घटना ठरली. पुढच्या पाच डावांत मात्र कास्पारोव्हने तीन विजय आणि दोन बरोबऱ्या मिळवून लढत ४–२ अशी सहज खिशात घातली. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला फेरलढत झाली तेव्हाचा डीप ब्लू बराच सुधारलेला होता. त्यात केवळ बुद्धिबळासाठी घडवलेल्या ४८० चिप होत्या, तो सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत होता, आणि त्याच्या तयारीसाठी जोएल बेंजामिनसारखा ग्रँडमास्टर संघात होता.

पहिला डाव कास्पारोव्हने जिंकला. दुसऱ्या डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या यंत्राला वजीर आत घुसवून प्यादी टिपण्याची संधी होती. त्या काळचे बहुतेक प्रोग्राम हाताशी आलेले प्यादे सोडत नसत. डीप ब्लूने मात्र तो मोह टाळून आधी प्रतिस्पर्ध्याच्या प्रतिहल्ल्याच्या वाटा बंद केल्या, आणि एखाद्या मुरलेल्या खेळाडूने आवळावा तसा डाव सावकाश आवळत नेला. या खेळ्यांनी कास्पारोव्ह इतका हादरला की यामागे माणसाचा हात असावा, असा संशय त्याने उघडपणे व्यक्त केला. त्याने डाव सोडला, आणि नंतरच्या विश्लेषणात असे दिसून आले की ज्या स्थितीत त्याने डाव सोडला त्या स्थितीत वजिराने सतत शह देत राहण्याची, म्हणजे बरोबरीची, वाट त्याच्यापुढे खुली होती. जगातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूने बरोबरीची स्थिती सोडून द्यावी, याचे कारण पटावर सापडत नाही. यंत्राला सर्व काही दिसत असणार, ही त्याची धारणाच त्याला कारणीभूत होती.

त्यानंतरचे तीन डाव बरोबरीत सुटले. निर्णायक सहाव्या डावात कास्पारोव्हने कारो-कान बचाव निवडला, सातव्या खेळीला त्याने एच-७ या घरावरचे प्यादे एक घर पुढे सरकवले, आणि डीप ब्लूने लगेच ई-६ वर घोड्याचा बळी दिला. हा बळी यंत्राने पटावर मोजून काढलेला नव्हता. तो त्याच्या साठवणीतील ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या ठरीव सुरुवातींच्या, पुस्तकात आधीच होता. अवघ्या १९ खेळ्यांत डाव संपला आणि लढतीचा निकाल साडेतीन विरुद्ध अडीच असा लागला. कास्पारोव्हने त्या संपूर्ण लढतीत आपली नेहमीची धारदार ओपनिंग बाजूला ठेवून यंत्राला अपरिचित वाटतील अशा शांत सुरुवाती निवडल्या होत्या. तिसऱ्या डावात तर त्याने पहिल्या खेळीला वजिरापुढचे प्यादे एकच घर हलवले. माझ्या मते हा डावपेच त्याच्यावरच उलटला, कारण त्यामुळे त्याला स्वतःच्या बलस्थानांपासून दूर जाऊन खेळावे लागले. आयबीएमने पुन्हा लढत घेतली नाही आणि यंत्रही निवृत्त केले, त्यामुळे सहा डावांच्या त्या निकालाची फेरतपासणी कधीच होऊ शकली नाही.

म्हणून १९९७ ला मी निर्णायक पुरावा म्हणत नाही. परंतु यंत्रांची वाटचाल ज्या वेगाने चालली होती तिच्याकडे पाहिले तर निकाल दूर नव्हता, हेही तितकेच खरे आहे. पुढील दहा वर्षांत कोणताही संगणक आपल्याला हरवू शकणार नाही, अशी पैज स्कॉटलंडकडून खेळणाऱ्या डेव्हिड लेव्ही याने १९६८ साली लावली होती, आणि १९७८ साली टोरंटोमध्ये 'चेस ४.७' या प्रोग्रामला साडेतीन विरुद्ध दीड असे हरवून त्याने ती जिंकली. पुढे डीप ब्लूचा पूर्वज असलेल्या डीप थॉट या यंत्राने १९८९ साली याच लेव्हीला ४–० असे हरवले. त्याच वर्षी कास्पारोव्हने डीप थॉटला २–० असे नमवले होते. त्यानंतर आठ वर्षांनी काय झाले ते वर आलेच आहे.

उत्तर : तिरपा उंट

'जुने डाव' यांनी १९९७ चे विवेचन केलेच आहे, त्यामुळे मी त्यापुढचे सांगतो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे खरा निकाल १९९८ ते २००६ या काळात, न्यूयॉर्कच्या मानाने फारच कमी गाजावाजा होऊन लागला.

आपल्या ज्येष्ठ खेळाडूंचा वेळेविषयीचा मुद्दा एकेकाळी अगदी बरोबर होता, आणि त्याचा सर्वांत स्वच्छ दाखला विश्वनाथन आनंदच्या लढतीत सापडतो. जुलै १९९८ मध्ये आनंद 'रेबेल १०' या प्रोग्रामविरुद्ध आठ डाव खेळला. पाच मिनिटांच्या चार डावांत रेबेल ३–१ असा सरस ठरला, थोड्या अधिक वेळेच्या दोन डावांतही त्याने दीड विरुद्ध अर्धा असा वरचष्मा राखला, परंतु स्पर्धेच्या पूर्ण वेळेच्या दोन डावांत आनंदने दीड गुण मिळवला. एकूण निकाल यंत्राच्या बाजूने ५–३ असा लागला, तरी पूर्ण वेळ मिळाल्यावर पारडे माणसाकडे झुकले, हे त्यात स्पष्ट दिसते. त्या वर्षी कोणी मला हाच प्रश्न विचारला असता तर मीही आपल्या ज्येष्ठांसारखेच उत्तर दिले असते.

पुढच्या काही वर्षांत दोन्ही बाजू खरोखर समान होत्या. ऑक्टोबर २००२ मध्ये बहारीनला व्लादिमीर क्रॅमनिक आणि डीप फ्रिट्झ हा प्रोग्राम यांची आठ डावांची लढत ४–४ अशी बरोबरीत सुटली. पहिल्या चार डावांत क्रॅमनिक ३–१ असा आघाडीवर होता आणि नंतर त्याने ती आघाडी गमावली. २००३ च्या सुरुवातीला कास्पारोव्ह आणि डीप ज्युनियर हा प्रोग्राम यांच्यातही ३–३ अशी बरोबरी झाली, आणि त्या लढतीच्या पाचव्या डावात यंत्राने एच-२ वर उंटाचा बळी देऊन कास्पारोव्हच्या राजावर असा हल्ला चढवला की यंत्रे केवळ प्यादी मोजतात, हा समज मला तेव्हापासून टिकवता आला नाही.

त्यानंतर तोल फार झपाट्याने ढळला. जून २००५ मध्ये लंडन येथे हायड्रा या यंत्रापुढे जगातील पहिल्या दहांत असलेला मायकेल अ‍ॅडम्स बसला, आणि सहा डावांत त्याच्या वाट्याला केवळ एक बरोबरी आली. निकाल होता साडेपाच विरुद्ध अर्धा. त्याच वर्षी बिल्बाओला रुस्लान पोनोमारिओव्हने फ्रिट्झला हरवले. स्पर्धेच्या पूर्ण वेळेत आघाडीच्या यंत्रावर माणसाने मिळवलेला तो बहुधा शेवटचा नावाजलेला विजय होय.

२००६ च्या अखेरीस बॉन येथे झालेल्या लढतीकडे मात्र प्रत्येक शिक्षकाने लक्ष द्यावे असे मला वाटते. क्रॅमनिक तेव्हा निर्विवाद जगज्जेता होता, आणि यंत्र ओपनिंगच्या पुस्तकातून खेळत असेपर्यंत ते पुस्तक पाहण्याची मुभाही त्याला देण्यात आली होती. समोर उभा होता तो साध्या दोन प्रोसेसरच्या संगणकावर चालणारा डीप फ्रिट्झ. डीप ब्लूसारखे कोणतेही खास यंत्र नव्हते. दुसऱ्या डावात बरी स्थिती असताना क्रॅमनिकने ३४ व्या खेळीला वजीर ई-३ वर नेला आणि पुढच्याच खेळीला एच-७ वर वजिराने मात झाली. एका खेळीतील मात जगज्जेत्याला दिसू नये, हे अविश्वसनीय वाटते, पण सहा डावांच्या अखंड ताणात माणसाच्या मेंदूचे असेच होते. त्याने उरलेल्यांपैकी चार डाव बरोबरीत सोडवले, शेवटचा गमावला आणि लढत ४–२ अशी यंत्राने जिंकली. त्यानंतर कोणत्याही जगज्जेत्याने समान अटींवर अशी मोठी लढत खेळलेली नाही. त्यामुळे माणूस केव्हा मागे पडला याचे माझे उत्तर २००५–०६ असे आहे.

उत्तर : काळी प्यादी

एक छोटी भर घालतो. २००८ साली हिकारू नाकामुरा या अमेरिकी ग्रँडमास्टरने इंटरनेटवर तीन मिनिटांच्या एका डावात त्या काळच्या सर्वांत बलाढ्य रिब्का या इंजिनाला हरवले होते. त्याने सगळी प्यादी एकमेकांत अडकवून पट बंद करून टाकला आणि नुसत्या इकडून तिकडे खेळ्या केल्या. पन्नास खेळ्यांच्या नियमाने (दोन्ही बाजूंच्या पन्नास खेळ्यांत प्यादे हलले नाही की मोहरे मारले गेले नाही, तर बरोबरी) डाव सुटू नये म्हणून रिब्काने स्वतःहून नुकसान पत्करले आणि २७१ खेळ्यांनंतर डाव गमावला. बंद पट हा यंत्राचा दुबळा भाग होता, हे त्यावरून दिसते. आजच्या इंजिनावर हा उपाय तसाच चालेल, असे मात्र मी म्हणणार नाही.

उत्तर : शोधवृक्ष

माझा व्यवसाय संगणक प्रणालींचा आहे आणि बुद्धिबळ हा आवडीचा विषय, म्हणून यंत्राच्या आत काय घडते ते थोडे सांगतो. वरच्या निकालांचा अर्थ त्यावाचून नीट लागत नाही.

क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यंत्राने बुद्धिबळ कसे खेळावे याचे दोन मार्ग सांगितले होते. एकात प्रत्येक शक्य खेळी ठरावीक खोलीपर्यंत तपासायची होती, तर दुसऱ्यात माणसाप्रमाणे निवडक खेळ्यांचाच विचार करायचा होता. मधल्या खेळात एका वेळी सरासरी ३५ खेळ्या शक्य असतात असे धरले, तर दोघांच्या मिळून सहा खेळ्या पुढे पाहायला सुमारे १८४ कोटी शेवटच्या स्थिती तपासाव्या लागतात. परंतु एखाद्या खेळीला प्रतिस्पर्ध्याकडे एक चोख उत्तर आहे असे कळले की त्या खेळीची बाकीची उत्तरे पाहण्याचे कारण उरत नाही. अल्फा-बीटा छाटणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तत्त्वाने, खेळ्या चांगल्या क्रमाने तपासल्या गेल्या तर, तेच काम सुमारे ८६ हजार स्थितींत होते. यंत्रांची प्रगती केवळ वेगवान चिपमुळे झाली, असे समजणे म्हणूनच चुकीचे आहे. कोणती फांदी सोडून द्यावी, हे ती अधिकाधिक चांगले शिकत गेली. डीप ब्लू सेकंदाला २० कोटी स्थिती पाहत होता. २००९ साली ब्युनोस आयर्सच्या एका स्पर्धेत 'पॉकेट फ्रिट्झ ४' हा प्रोग्राम एका मोबाइल फोनवर चालत होता, सेकंदाला २० हजारांपेक्षाही कमी स्थिती पाहत होता, आणि तरीही त्याने दहापैकी साडेनऊ गुण मिळवले.

दुसरी बाब मूल्यमापनाची आहे. शोध कुठे तरी थांबवावा लागतो आणि त्या जागी स्थिती किती चांगली आहे याचा आकडा द्यावा लागतो. पूर्वी हे नियम माणसे हाताने लिहीत असत: उंटांची जोडी असेल तर इतके गुण, राजापुढची प्यादी विस्कटली असतील तर इतके वजा, असे. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंडच्या अल्फाझीरोने ही पद्धत मोडीत काढली. त्याला फक्त खेळाचे नियम दिले होते. स्वतःशीच डाव खेळून तो शिकला आणि स्टॉकफिश ८ या आघाडीच्या इंजिनाविरुद्धच्या १०० डावांत त्याने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही गमावला नाही. स्टॉकफिशला दिलेल्या अटी योग्य नव्हत्या, अशी टीका तेव्हा झाली आणि ती रास्त होती. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १००० डावांच्या लढतीतही अल्फाझीरोचे १५५ विजय आणि केवळ ६ पराभव होते. यातील विचार करण्यासारखी गोष्ट अशी की अल्फाझीरो सेकंदाला ८० हजार स्थिती पाहत होता आणि स्टॉकफिश सुमारे ७ कोटी. शॅनन यांचा दुसरा मार्ग, म्हणजे कमी पाहणे पण योग्य तेच पाहणे, शेवटी यंत्रालाच साधला.

सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ ने शोगी या जपानी खेळाच्या प्रोग्रामसाठी प्रथम तयार झालेली, साध्या प्रोसेसरवरही जलद चालणारी मज्जाजाल (न्यूरल नेटवर्क) पद्धत स्वीकारली आणि दोन्ही मार्ग एकत्र आले. आज इंजिनांच्या आपसातील डावांवरून काढलेल्या याद्यांमध्ये आघाडीच्या इंजिनांचे मानांकन ३६०० च्या आसपास असते, तर माणसांतील आजवरचे सर्वोच्च मानांकन कार्लसनचे, मे २०१४ मधील २८८२, आहे. या दोन याद्या वेगवेगळ्या असल्याने आकड्यांची थेट वजाबाकी करणे शास्त्रशुद्ध नाही. तरीही एलो या मानांकन काढण्याच्या पद्धतीत ४०० गुणांच्या फरकाला शंभर डावांत सुमारे ९१ गुणांची अपेक्षा असते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे अंतराचा अंदाज येतो.

उत्तर : सातवी पंक्ती

मूळ प्रश्नातील तिसऱ्या भागाला 'काळी प्यादी' यांनी स्पर्श केला आहे, पण तो अधिक विस्ताराने मांडायला हवा असे वाटल्याने लिहिते. माणसाला इंजिनाआधी दिसते अशा जागा आहेत. मात्र त्या थोड्या आहेत आणि कमी होत चालल्या आहेत.

मुलांना दाखवण्यासारखे सर्वांत सोपे उदाहरण घ्या. पांढऱ्याकडे कडेच्या रांगेतील एक प्यादे आणि एक उंट आहे, प्यादे ज्या घरात वजीर होणार त्या घराचा रंग उंटाच्या घरांच्या रंगाहून वेगळा आहे, आणि काळा राजा त्या कोपऱ्यात पोहोचला आहे. मोहऱ्यांची मोजदाद केली तर पांढऱ्याची बाजू कितीतरी वरचढ दिसते, पण काळ्या राजाला कोपऱ्यातून हुसकावणे अशक्य असल्याने डाव बरोबरीचा आहे. नियमाने खेळणाऱ्या कोणत्याही खेळाडूला हे एका नजरेत कळते, तर जुने प्रोग्राम बराच काळ पांढरा जिंकतो असेच दाखवत असत. अशा अभेद्य तटबंदीच्या स्थितीत माणूस 'येथून आत शिरायला वाटच नाही' असा तर्क करतो, आणि यंत्र मात्र एकेक खेळी तपासत राहते. वाट नाही हे खेळ्या मोजून सिद्ध होत नाही. २०१७ साली पेनरोझ इन्स्टिट्यूटने एक कोडे प्रसिद्ध केले होते, ज्यात काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि काळ्या घरांवरून फिरणारे तीन उंट असूनही पांढऱ्याला शांतपणे बरोबरी राखता येते. मोठ्या मोहऱ्यांच्या गर्दीला भुलून इंजिन काळ्याला विजयी ठरवत होते.

तथापि या उदाहरणांवर फार भिस्त ठेवू नये, असे मी कळकळीने सांगेन. राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या सर्व स्थितींचे अचूक निकाल आता टेबलबेसमध्ये साठवलेले आहेत, त्यामुळे वर सांगितलेली उंट-प्याद्याची चूक आजचे इंजिन करीत नाही. याच साठ्यांतून सात मोहऱ्यांची एक अशी स्थिती सापडली की जिथे दोन्ही बाजूंनी सर्वोत्तम खेळ केल्यास मात व्हायला ५४९ खेळ्या लागतात. त्यातील मधल्या शेकडो खेळ्यांमागचा हेतू कोणालाच, ग्रँडमास्टरलाही, समजावून सांगता येत नाही. तटबंदीत माणसाला जास्त दिसते, आणि येथे त्याला काहीही दिसत नाही. या दोन्ही गोष्टी मुलांना एकाच तासाला दाखवाव्यात.

शिकवण्याच्या दृष्टीने मला याहून महत्त्वाचे वाटते ते असे की इंजिन निकाल देते, कारण देत नाही. मूल्यमापनाची पट्टी पाहणाऱ्या मुलाला उत्तर मिळते, पण पुढच्या डावात तशीच स्थिती आली की ते उत्तर त्याच्या कामी येत नाही. दोम्माराजू गुकेशचे प्रशिक्षक विष्णु प्रसन्ना यांनी त्याच्या घडणीच्या वर्षांत त्याला जाणीवपूर्वक इंजिनापासून दूर ठेवले होते, हे सर्वश्रुत आहे. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन याने ५५ व्या खेळीला हत्ती एफ-२ वर नेला, तेव्हा मोबाइलवर डाव पाहणाऱ्या लाखो लोकांना ती घोडचूक असल्याचे लगेच कळले. पटासमोर बसलेल्या अठरा वर्षांच्या गुकेशला मात्र हत्तींची, मग उंटांची अदलाबदल आणि उरणारा राजा-प्याद्यांचा डाव हे सगळे स्वतःच्या डोक्यात मांडावे लागले. त्या काही क्षणांत त्याने जे केले तेच बुद्धिबळ खेळणे आहे, आणि ते इंजिनाच्या मदतीने पाहणाऱ्या आपल्यापैकी कोणीही केलेले नव्हते.

अडीच घरे :

सर्वांचे मनापासून आभार. 'तिरपा उंट' यांनी सांगितलेला आनंदच्या १९९८ मधील लढतीचा दाखला मी आमच्या ज्येष्ठांना दाखवला आणि त्यांना तो फारच आवडला, कारण त्यांच्या म्हणण्याला त्यात आधार मिळाला. त्यांचा आता एवढाच प्रश्न आहे: वेळ वाढवल्यावर १९९८ मध्ये पारडे माणसाकडे झुकत होते, तर आज एका खेळीला एक पूर्ण दिवस दिल्यास ते का झुकू नये?

उत्तर : शोधवृक्ष

प्रश्न अगदी नेमका आहे. १९९८ मध्ये वेळ वाढवल्याने माणसाचा फायदा झाला, कारण यंत्राची दृष्टी तेव्हा उथळ होती आणि थोडा वेळ मिळाल्यास आनंदला तिच्या पलीकडचे दिसत असे. त्या काळी माणसाच्या हाती दूरवरच्या योजनेची समज होती आणि यंत्राच्या हाती जवळची अचूक आकडेमोड. आज दूरची समजही मज्जाजालाच्या रूपाने यंत्रात उतरली आहे, त्यामुळे अधिकच्या वेळेत माणूस जे शोधून काढेल ते इंजिनाने बहुतेक वेळा पहिल्या काही सेकंदांतच पाहिलेले असते. शिवाय तो दिवस इंजिनालाही मिळणारच.

वेळ मिळूनही काय दिसत नाही, याचे एक उदाहरण देतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये लंडनला कार्लसन आणि फॅबिआनो कारुआना यांच्या सहाव्या डावात ६८ व्या खेळीला काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कारुआनाला विजयाची संधी होती, आणि नॉर्वेतील सेसे या संगणकाने ती दाखवली. उंट एच-४ वर न्यायचा आणि मग स्वतःचा घोडा पटाच्या कडेला जी-१ वर नेऊन जवळजवळ कोंडून घ्यायचा, अशी ती कल्पना होती. घोडा पटाच्या मध्याकडे न्यावा, हे आपण पहिल्या आठवड्यात शिकतो आणि आयुष्यभर पाळतो. अशी खेळी कारुआनाला दिवसभर विचार करूनही सुचली असती असे मला वाटत नाही, कारण विचाराच्या पहिल्याच पायरीवर माणूस तिला बाद करतो. तो डाव बरोबरीत सुटला.

तरीही बरोबरीची शक्यता मी शून्य मानत नाही. निर्दोष खेळ झाला तर बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटतो, असे बहुतेक जाणकारांना वाटते. पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत इंजिनाच्या वापराला परवानगी आहे आणि खेळीला काही दिवसांचा अवधी असतो. तेथे अलीकडे बहुतांश डाव बरोबरीतच सुटतात. म्हणजे बरोबरीचा पट्टा रुंद आहे, आणि पांढऱ्या मोहऱ्यांनी कोरडी, सुरक्षित सुरुवात करणारा कार्लसन एखादा डाव त्या पट्ट्यात राखून नेऊ शकेल. दहा-वीस डावांची लढत तशीच राखून नेता येईल का, याचे माझे उत्तर नाही असे आहे, कारण माणसाला प्रत्येक डावात प्रत्येक खेळी त्या पट्ट्याच्या आत ठेवावी लागेल, आणि बॉनमध्ये क्रॅमनिकला तेच जमले नव्हते.

समान अटी सोडून दिल्या तर मात्र लढत आजही रंगते. जानेवारी २०१६ मध्ये नाकामुरा कोमोडो या इंजिनाविरुद्ध चार डाव खेळला, आणि प्रत्येक डावात इंजिनाने त्याला सुरुवातीलाच काही सवलत दिली होती. कुठे एक प्यादे कमी घेतले, कुठे हत्तीच्या बदल्यात हलके मोहरे (घोडा) पत्करले, तर एका डावात त्याला चार खेळ्या आधीच करू दिल्या. तीन डाव बरोबरीत सुटले, चौथा कोमोडोने जिंकला आणि निकाल अडीच विरुद्ध दीड असा लागला. त्यानंतरच्या वर्षांत इंजिने आणखी पुढे गेली आहेत. आपल्या ज्येष्ठांना खरोखर समसमान लढत पाहायची असेल, तर घड्याळ तसेच ठेवून इंजिनाचा एक घोडा पटावरून काढावा. पूर्ण वेळेच्या डावात एवढ्या सवलतीवर आघाडीचा ग्रँडमास्टर आजही वरचढ ठरेल, असे मला वाटते.